मिसेस पेटवे यांच्या मरणाची बातमी

त्या दिवशी ऊन सकाळपासूनच खवळलं होतं. अलाबामातल्या त्या कापूसगावात पहाटेचा गारवा कोंबडं आरवेपर्यंत जेमतेम टिकतो, आणि वर्नेल टॉलिव्हरच्या स्वयंपाकघरात तर चूलही पेटलेली. चुलीवर इस्त्र्या तापत होत्या. खळ देऊन, पाणी शिंपडून, घट्ट गुंडाळलेल्या शर्टांची टोपली पायाशी होती. शर्ट सगळे रुळांपलीकडच्या गोऱ्या घरांतले, आणि आज इस्त्रीच्या पाटावर पहिले आले होते ते पेपरवाल्या क्रॉफर्डसाहेबाचे.

क्रॉफर्डकडे वर्नेलची दोन कामं होती. त्याचे शर्ट ती इस्त्री करायची, आणि त्याच्या पेपरात ‘काळ्या वस्तीच्या बातम्या’ हा रकानाही तीच लिहायची. शेवटच्या पानावर, पेंडीच्या जाहिरातीखाली. कुणाला मुलगा झाला, कुणाची लेक शिकागोहून आली, कुठल्या चर्चात जेवण आहे, कोण वारलं. कापसाच्या जिनिंगवर फोरमननं एका पोराला लाथा घातल्या तेही तिनं एकदा लिहून दिलं होतं. पेपर आला तेव्हा त्या जागी पेंडीची जाहिरात हातभर लांब झाली होती.

वस्तीत तिला यासाठी कुणी ओवाळत नव्हतं. बायका कात्रणं बायबलात जपून ठेवायच्या आणि तोंडावर टोमणे मारायच्या. कारण क्रॉफर्डच्या पेपराचा एक नियम होता: काळ्या बाईच्या नावाआधी ‘मिसेस’ लावायचं नाही. गोरी असली तर भंगारवाल्याची बायकोही मिसेस. काळी असली तर शाळेची मुख्याध्यापिकाही नुसती क्लारा. वर्नेल लिहून द्यायची, क्रॉफर्डची निळी पेन्सिल ते खोडायची.

“तुझ्या पेपरात आम्ही सगळ्या बिनलग्नाच्या,” चर्चच्या पायरीवर एथेल जिंक्स सगळ्यांदेखत म्हणाली होती, “आणि पोरं मात्र दरसाल होतात, नाही का गं सिस्टर वर्नेल?”

बायका खदाखदा हसल्या होत्या. वर्नेल घरी येऊन इस्त्रीवर थुंकली होती, तापलीय का बघायला. निदान तिनं स्वतःला तसं सांगितलं.

या सगळ्यांत एकच बाई अशी होती की जिचं पाळण्यातलं नाव गोऱ्यांना कधी मिळालंच नाही. मिसेस पेटवे. चर्चात मदर पेटवे, दुकानात एल. पेटवे. गोऱ्या वाण्याच्या मिसरूड न फुटलेल्या पोरानं विचारलं होतं, “एल म्हणजे काय गं?” तर म्हातारी म्हणाली, “एल म्हणजे एल. साखर दे.” काळ्या बाईचं नाव हाती लागलं की गोऱ्यांचं शेंबडं पोरही ते गल्लीभर हाकारतं, हे तिनं आईच्या बाबतीत पाहिलं होतं.

सोमवारी ती गेली. जायच्या आधी वर्नेलचं मनगट धरून म्हणाली, “नाव जन्मभर दिलं नाही. मेल्यावर तू देऊ नकोस.” वर्नेलनं शब्द दिला.

शब्द देणं सोपं. पण नाव नसेल तर क्रॉफर्ड बातमी घेणार नव्हता, आणि पेपरातही न येता त्या बाईला मातीत जाऊ द्यायचं वर्नेलच्या जिवावर आलं होतं. मग गोऱ्या बायकांच्या बातम्या असतात तशीच तिनं लिहिली, नवऱ्याच्या नावावर: ‘मिसेस रुबेन पेटवे यांचं निधन झालं. मागे पती आणि चार मुलं आहेत.’ निळी पेन्सिल काय करील हे तिला ठाऊक होतं. ठाऊक असूनच तिनं कागद पाठवला.

पेन्सिलीनं तेच केलं. काल पेपर आला: ‘रुबेन पेटवे यांचं निधन झालं. मागे पती आणि चार मुलं आहेत.’

आता मागच्या दारानं तो मेलेला रुबेन पेटवेच आत आला. पेपर त्यानं इस्त्रीच्या पाटावर आपटला.

“मेलो म्हणे मी! आणि मला नवरा पण आहे!”

“बसा, ब्रदर पेटवे.”

“बसतो कसला! जज्जाची बाई काल माझ्या मयताच्या जेवणाला डुकराचं हॅम घेऊन आली. वीस वर्षं तिची गाडी हाकतोय मी. दार मीच उघडलं. किंचाळली, हॅम पडलं पायरीवर, कुत्र्यानं नेलं. पोरी, बायको अजून पुरायचीय माझी, आणि गाव माझ्यावर हसतंय!”

वर्नेलनं मान खाली घातली. “मला दुसरा रस्ता दिसला नाही.”

रुबेन धापा टाकत राहिला. मग आवाज उतरवून म्हणाला, “नाव दिलंस?”

“नाही.”

तेव्हा कुठे तो बसला.

तेवढ्यात अंगणात मोटार थांबली. क्रॉफर्ड पुढच्या दारानं, न ठोठावता, टोपी डोक्यावर तशीच ठेवून आत शिरला.

“वर्नेल, हे तू मुद्दाम केलंस.”

“मी मिसेस लिहिलं होतं, साहेब. ते तुम्ही काढलंत.”

“मला शिकवू नकोस! क्लबात लोक मला रुबेनच्या नवऱ्याची तब्येत विचारतायत. जज्जाच्या बायकोला दुरुस्ती हवीय. त्या म्हातारीचं नाव सांग.”

“मिसेस पेटवे.”

“नाव विचारलं मी.”

“तेच सांगितलं, साहेब.”

क्रॉफर्डचा गळा कॉलरीपर्यंत लाल झाला. तो रुबेनकडे वळला आणि एकदम गोड झाला. वर्नेलला त्या गोडव्याची जास्त भीती वाटली. म्हाताऱ्याची रोजीरोटी जज्जाच्या गाडीवर होती.

“रुबेन, तू शहाणा माणूस आहेस. जज्जसाहेबांना मी आजच भेटणार आहे. तुझ्या बायकोचं नाव काय?”

रुबेन उठून उभा राहिला. टोपी त्यानं छातीशी धरली.

“मिसेस पेटवे, साहेब.”

चुलीत लाकूड तडकलं.

“ठीक आहे,” क्रॉफर्ड म्हणाला. “‘रुबेनची बायको मेली,’ एवढंच छापतो. आणि तुझा रकाना बंद, वर्नेल. तुमच्यातल्या कुणाचं जन्मणं-मरणं माझ्या पेपरात आता येणार नाही. वस्तीला सांग हे कुणामुळे झालं ते. माझे शर्ट दे.”

“एकाची बाही राहिलीय.”

“दे म्हटलं ना!”

तिनं दिले. ज्याची एक बाही कडक आणि दुसरी चुरगळलेली, तो तिनं सगळ्यांत वर ठेवला. मोटार गेली, धूळ दारातून आत आली.

“एथेल तुला जिवंत खाईल,” रुबेन म्हणाला. “पुढच्या महिन्यात तिच्या लेकीचं लग्न. पेपरात यायचं होतं.”

“खाऊ दे.”

“उद्या मयताला चर्चात तू वाच तिच्याबद्दल. जे छापलं नाही ते.”

“वाचीन. मिसेस म्हणून वाचीन.”

तो दारापर्यंत गेला, परत वळला. “त्या जज्जाच्या बाईला गाडी लागेल आता. जातो. नोकरी ठेवली तर ठेवली.”

वर्नेलनं मान हलवली. या भांडणात इस्त्री थंड पडली होती. ती तिनं चुलीवर ठेवली, दुसरी उचलली, बोट ओलं करून तळाला लावलं. चर्र झालं. टोपलीतून पुढचा शर्ट काढून तिनं पाटावर पसरला आणि बाहीपासून सुरुवात केली.