जोहान्सबर्ग ते लुसाका

दादा लुसाकाला एकटाच आजारी पडला, आणि आमच्या अख्ख्या खानदानात भूगोलाचे मास्तर पैदा झाले. आई नागपुरात, मी मेलबर्नला टार्निटमध्ये अडकलेली, पण मावसभाऊ जोहान्सबर्गला नोकरीला होता ना! मग काय, "दोघं आफ्रिकेतच तर आहेत, बाजूला," असं जो तो म्हणायला लागला. माझ्या लेकीनेही फोनवर शोधून सांगितलं, "मम, इट्स ओन्ली टू आवर्स." बाराशे किलोमीटर, विमानाने दोन तास. ते आईच्या कानावर गेलं आणि तिने तेच धरून ठेवलं.

कोरोनापायी विमानंच बंद आहेत, हे कुणाच्या डोक्यात शिरेना. मला तर इथलं सरकार देशाबाहेर पडू देत नव्हतं. परवानगी मागितली तर म्हणे कारण पुरेसं नाही. सख्खा भाऊ ऑक्सिजनवर, हे पुरेसं नाही! देशाचं सोडा, घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायची चोरी. पॉइंट कुकची माझी जिवाभावाची मैत्रीण, गाडीने वीस मिनिटं, तिलाही माझ्याकडे येता आलं नाही. पण आईचं एकच: "तू लांब आहेस, तुझं कळतं. माझ्या भाच्याला काय धाड भरलीय?"

दादाला फक्त आपलं कुणीतरी उशाशी हवं होतं. बाकी त्याने काही मागितलंच नाही.

एका दुपारी व्हिडिओ कॉलवर तो भलताच खुशीत दिसला. मास्क बाजूला करून म्हणाला, "अगं, तो येतोय. आत्ताच बोलला, येतो म्हणून." नर्सलाही त्याने सांगून टाकलं होतं. मी लगेच मावसभावाला फोन लावला.

"विमानं सुरू झाली का रे?"

"नाही गं. का?"

"मग दादाला येतो कशाला म्हणालास?"

तो ओरडलाच, "फोन ठेवताना म्हणालो गं! येतोच म्हणतो ना आपण? आजारी माणसाला काय जातो म्हणू?"

जन्मभर आपण दारातून निघताना हेच म्हणतो आणि कुणी वाट बघत बसत नाही. दादा बसला. त्याला खरं सांगायची हिंमत आमच्यात कुणालाच झाली नाही. रोज विचारायचा, "निघाला का?" मग विचारेनासा झाला. मग गेलाच.

आई आणि मावशी सख्ख्या बहिणी, त्या दिवसापासून बोलत नाहीत. "शब्द देऊन फिरला," आई म्हणते. मी समजावून थकले. 'येतो'चा अर्थ तिलाही पक्का ठाऊक आहे हो, पण सरकारवर रुसून करणार काय? भाच्यावर रुसता येतं.

सीमा उघडल्यावर मी अस्थी आणायला निघाले. जोहान्सबर्गहून मावसभाऊ सोबत आला. विमानात चहा-सँडविच दिलं. माझा चहा संपतोय तोवर, आपण खाली उतरतोय, अशी घोषणा झाली.

"एवढंच?" मी मोठ्याने म्हणाले. "एवढंच होतं?"

पुढच्या सीटवरचे लोक वळून बघायला लागले. मावसभावाने तोंड खिडकीकडे फिरवलं. त्याचे खांदे हलत होते. त्याची काहीएक चूक नव्हती, हे माझ्याइतकं कुणाला माहीत होतं? तरी मी त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही. मला त्याचा भयंकर राग आला होता.