साहेबराव इवाई आणि आमची गाडी

एका रविवारी साहेबराव आले नाहीत, तेव्हा मला वाटलं, गावाकडं कापूस वेचणी चालू असेल. पुढच्या रविवारीही दहा वाजून गेले तरी फाटकापाशी स्कूटर वाजली नाही, म्हणून मीच फोन लावला. उचलला तो संदीपनं, त्यांच्या मुलानं. तीन वर्षांत तो आवाज ऐकला नव्हता, तरी एका ‘हॅलो’त ओळखला. त्यानंही मला ओळखलं. मग तो म्हणाला, “बापू गेले. आज तेरवी आहे. तुम्हाला कळवावं की नाही, काही सुचलं नाही.” झोपेतच गेले होते. मी ‘बरं’ म्हणालो आणि फोन ठेवला. ‘बरं’ का म्हणालो, ते मला अजून कळत नाही. तेरा दिवस तो माणूस या जगात नव्हता आणि मी आदल्या संध्याकाळी त्यांच्यासाठी टोस्ट आणून ठेवले होते.

साहेबराव माझे व्याही, त्यांच्या बोलीत इवाई. म्हणजे, होते. माझी मुलगी मनीषा त्यांच्या घरात दिली होती. अजिंठ्याजवळच्या गावातलं शेतकरी घर, पण साहेबरावांची सगळी नोकरी वाळूजच्या एका कारखान्यात, मशिनी दुरुस्त करण्यात गेली. मी शाळामास्तर. आमच्या दोघांत बोलण्यासारखं फारसं काही नव्हतं. सणावाराला भेटलो की ते ‘इवाई, जेवलात का’ म्हणायचे, तेवढंच. लग्नानंतर चार वर्षांनी मनीषाचा संसार मोडला. संदीपचा हात उठायचा, हे आम्हाला फार उशिरा कळलं. ज्या दिवशी मी तिला आणायला गेलो, त्या दिवशी तिची बॅग साहेबरावांनी स्वतः उचलून माझ्या गाडीत ठेवली. तोंडातून एक शब्द काढला नाही. मला तेव्हा त्या शांततेचा फार राग आला होता.

गाडी म्हणजे आमची जुनी पांढरी, छोटी, पेट्रोलवरची. मनीषा याच गाडीतून सासरी गेली आणि याच गाडीतून परत आली. त्यानंतर मला त्या गाडीत बसवेना. कंपाउंडलगत सीताफळाच्या झाडाखाली ती जी उभी राहिली, ती दोन वर्षं उभीच. चाकं बसली, काचांवर पानं कुजली. मनीषा पुण्याला नोकरीला गेली. गाडी विकावी असं बायको म्हणायची, पण त्यासाठीही तिला हात लावावा लागणार होता.

एका रविवारी सकाळी साहेबराव फाटकात उभे. हातात पान्यांची पिशवी. माझी बायको त्यांना बघून आत गेली ती बाहेर आली नाही. मीही ‘या’ म्हणालो नाही. ते उंबऱ्याशी आले नाहीत, तिथूनच म्हणाले, “गुरुजी, माफी मागायला तोंड नाय मला. हाताला येतं तेवढं काम करू द्या.” इवाई नाही, गुरुजी. मी नुसता बाजूला झालो. त्यांनी ते होकार समजून बॉनेट उघडलं.

त्यानंतर पाच-सहा रविवार ते येत राहिले. पहिल्या दिवशी टाकीतलं पेट्रोल काढलं आणि वाटीत घेऊन माझ्या नाकाशी धरलं. शिळं झालंय, म्हणाले, पेट्रोलसुद्धा शिळं होतं. एअर फिल्टरमध्ये उंदरानं घर केलं होतं. तिन्ही प्लग काळे पडलेले. ते तारेच्या ब्रशनं घासले, पातळ पट्टी घालून त्यांच्यातली फट मोजली. कार्बोरेटर वर्तमानपत्रावर सुटा केला आणि त्याची बारीक भोकं तोंडानं फुंकून मोकळी केली. जे मिळालं नाही ते शहागंजच्या बाजूला एका ओळखीच्या चाचांकडून शोधून आणलं. मी आधी खिडकीतून बघायचो. मग पायरीवर येऊन बसलो. मग कधीतरी टॉर्च धरायला लागलो… बोलणं कामापुरतंच. संदीपचं नाव त्यांनी कधी काढलं नाही, मी कधी विचारलं नाही.

मनीषा येणार असेल तेव्हा त्यांनी यायचं नाही, हे न बोलता ठरलेलं होतं. पण एकदा ती न कळवता आली. सकाळी बाहेर आली तर हे बॉनेटमध्ये वाकलेले. तिला बघताच त्यांनी हात पुसले आणि घाईघाईनं पाने पिशवीत भरायला लागले. मनीषा म्हणाली, “बापू, चहा ठेवते. जाऊ नका.”

पायरीवर बसून त्यांनी चहा घेतला. कप खाली ठेवला आणि तिच्याकडं न बघता म्हणाले, “बाई, पोराला आडवं व्हायला पाहिजे होतं मी. लई आधी. ते झालं नाय माझ्याच्यानं. बॅग तेवढी उचलली.” मनीषानं त्यांचा रिकामा कप उचलला. मला वाटलं, उठून आत जाईल. मग तिनं विचारलं, “गाडी कधी चालू होईल?”

त्याच दुपारी झाली. दोनदा खोकून बंद पडली, तिसऱ्यांदा धरली. साहेबरावांनी लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनला लावलं, मूठ कानाशी धरली आणि डोळे मिटून ऐकत राहिले. तीन नंबरचा सिलिंडर जरा रुसलाय, म्हणाले. काहीतरी सैल केलं, काहीतरी आवळलं आणि तो खडखडाट एकसारखा, गुळगुळीत झाला. मग त्यांनी पुढचं दार उघडून धरलं. “बसा इवाई,” म्हणाले. त्यांनाही ते बोलल्यावरच कळलं असावं. आम्ही दोघांनी मान दुसरीकडं वळवली.

काम संपलं, तरी ते यायचे थांबले नाहीत. उन्हाळा लागला, आवाज बघू. पाऊस झाला, प्लग बघू. दर वेळी निमित्त असायचं. बायकोही पुढं टोस्टची बशी बाहेर आणून ठेवायला लागली. काय ठेवलं होतं त्यांनी आमच्याकडं, आणि आम्ही त्यांच्याकडं… कागदावर तर काहीच नातं उरलं नव्हतं.

तेरवीला मी गेलो नाही. कोण म्हणून गेलो असतो? मनीषाला फोन केला, तेव्हा ती इतकी रडली की मला सासरहून परत येतानाची ती आठवली, त्या दिवशी मात्र ती रडली नव्हती. दोन आठवड्यांनी ती आली आणि म्हणाली, बाबा, तिकडच्या आईंना भेटायला जाऊ. आम्ही याच गाडीनं गेलो. विहीणबाईंनी तिला जवळ ओढलं आणि आत नेलं. संदीप ओट्याच्या कडेला उभा होता, वाळलेला, दाढी वाढलेली. तो मनीषाच्या वाटेत आला नाही. मी बाहेरच थांबलो. बऱ्याच वेळानं तो गाडीपाशी आला. म्हणाला, रविवारी बापू कुठं जातात ते माहीत होतं, कितीही धुतले तरी नखांत ग्रीस राहायचं. आणि मग, “जरा चालू करता का?”

मी किल्ली फिरवली. त्यानं बॉनेटवर तळवा ठेवला आणि मान खाली घातली. त्याचे खांदे हलताना मला काचेतून दिसत होते. माझा त्याच्यावरचा राग गेलेला नाही, जाणारही नाही. पण त्यानं हात काढेपर्यंत मी इंजिन बंद केलं नाही.

आता थंडी पडली आहे. सकाळी गाडी सुरू केली की मध्येच एखादा ठोका चुकतो. परवा मनीषा म्हणाली, आवाज बदललाय, कुणाला तरी दाखवा. दाखवतो म्हणालो, पण अजून दाखवलेली नाही. त्या कार्बोरेटरचे स्क्रू शेवटचे त्यांनी लावलेत. दुसऱ्या कुणी पाना लावला की ते हलतील. रोज सकाळी मी बॉनेट उघडतो, नुसता बघतो, आणि परत लावून टाकतो…