पितृपक्षात अडकलेलं घर

आई गाव सोडून निघाली, तेव्हा तिला पोचवायला अर्धी आळी एसटीच्या थांब्यावर आली होती. आदल्याच दिवशी वडिलांचं श्राद्ध आटोपलं होतं. तिनं घराची किल्ली माझ्या चुलतभावाच्या, दत्तूच्या हातात ठेवली, दारातल्या तुळशीला पाणी घालत जा म्हणाली आणि गाडीत जाऊन बसली. रडायचं काम तिनं दत्तूच्या बायकोवर सोपवलं होतं. मी मात्र ज्यानं विचारलं नाही त्यालाही सांगत होतो, की कोथरूडला घर घेतलंय, तळमजला आहे, आईच्या गुडघ्यांना आता एक पायरी चढायची नाही.

खरं म्हणजे घर घेतलं नव्हतं. एका गृहस्थांनी "ठीक आहे, देतो" म्हटलं होतं, एवढंच. गावातल्या आणि माझ्यासारख्याच गाव सोडून आलेल्या तुम्ही सगळ्यांनी पुढं दोन वर्षं मला विचारलंत, की आई बाहेर का दिसत नाही. तेव्हा मी उत्तर टाळलं. आज देतो.

त्या गृहस्थांना आपण मालक म्हणू. माझा आकडा त्यांनी गणपती बुडाले त्याच्या दुसऱ्या दिवशी मान्य केला आणि म्हणाले, उद्याच विसार पावती करू, सौदा ठरल्याचा कागद झाला की दोघंही मोकळे. मी आनंदानं दत्तूच्या दुकानात फोन लावून आईला बोलावलं. ती म्हणाली, "उद्यापास्नं पक्ष लागतोय. पक्षात घराचा कागद करायचा असंल तर आधी मला मसणात पोचवून ये, मग कर."

कारखान्याच्या कँटीनमध्ये अंधश्रद्धेवर भाषणं देणारा मी, मुकाट्यानं मालकांकडं गेलो आणि पंधरा दिवसांची मुदत मागितली. घटस्थापनेला सही करू म्हणालो. मालकांनी चष्मा पुसला.

"जशी आपली मर्जी. पितर आपले, पंधरवडाही आपला."

यात काही टोचतंय, हे मला तेव्हा कळलं नाही. वडील बाजारात धान्याचा व्यापार करायचे. "जीभ दिली की सही झाली," असं ते म्हणायचे, आणि त्यांचं कधी अडलं नाही. ते नाणं पुण्यातही चालतं, असं मी धरून चाललो.

ते पंधरा दिवस मी त्या घराचा जावई असल्यासारखा वागलो. रोज संध्याकाळी कामावरून सुटलो की स्कूटर त्या गल्लीतून न्यायची, खिडक्यांकडं मायेनं बघायचं. आईसाठी बुटका पलंग करायचा म्हणून एकदा शेख मिस्त्रींनाही घेऊन गेलो. त्यांच्या तीन पिढ्या पुण्यात सुतारकामात गेलेल्या. फाटकातच त्यांनी विचारलं, कागद झाला का? मी म्हटलं, शब्द झालाय. त्यांनी काढलेला टेप पुन्हा खिशात ठेवला. "मग मापंही तोंडीच सांगा, साहेब."

मी हसलो. मूर्ख माणसाला विनोद फार लवकर कळतो.

आईला स्वारगेटवरून रिक्षानं आमच्या भाड्याच्या घरी आणलं. तिसरा मजला, लिफ्ट नाही. ती बसून, हातावर जोर देत, एकेक पायरी मागं सरकत वर आली. मी वरून धीर देत होतो, की आई, आठवड्याचाच प्रश्न आहे.

घटस्थापनेला सकाळी नवा शर्ट घालून, पेढे घेऊन मालकांकडं गेलो. त्यांनी दारातच सांगितलं की घराचा व्यवहार गेल्या गुरुवारी दुसऱ्याशी झाला.

"गुरुवारी? पितृपक्षात?"

"अहो, पक्ष तुम्ही पाळत होता. मी नव्हे."

आणि पेढा घेतला. एक नाही, दोन. आज इतकी वर्षं झाली, तरी ते दोन पेढे माझ्या घशात अडकलेत. एक फोन करायचा होता या माणसानं. 'दुसरं गिऱ्हाईक आलंय, उद्या या,' एवढे पाच शब्द. मी पितरांना ओलांडून धावत गेलो असतो. पण रोज खिडक्यांखालून माझी स्कूटर जाताना बघूनही त्यांनी तोंड उघडलं नाही. कागद नव्हता म्हणून कायदा त्यांच्या बाजूचा. माणुसकीची कुठं पावती फाडतात?

दिवाळीनंतर त्यांचा फोन आला. दुसऱ्याचं बँकेचं कर्ज नामंजूर झालं होतं. म्हणाले, घर आपल्यालाच द्यावं म्हणतो, ठरलेल्याच आकड्याला. महिनाभर मी जे वाक्य घोळवत होतो ते अखेर कामी आलं.

"घर ठेवा तुम्हालाच. तुमच्या पितरांना पत्ता सापडायला हवा."

आणि फोन ठेवला. आईनं आतून विचारलं, कुणाचा रे? राँग नंबर, म्हटलं. दुसऱ्या दिवशी ते वाक्य मी कँटीनमध्ये तीनदा ऐकवलं. टाळ्या पडल्या.

टाळ्या मला पडल्या, आणि आई तिसऱ्या मजल्यावर राहिली. दोन वर्षांत ती चारदा खाली उतरली, चारही वेळा डॉक्टरकडं. भाजीवालीशी तिचं बोलणं गॅलरीतून. दोरीला बांधलेली टोपली खाली जायची, तिच्याऐवजी.

शेवटी विश्रांतवाडीत तळमजला मिळाला. राहायला गेलो त्या दिवशी आई एकटीच फाटकापर्यंत चालत गेली, परत आली आणि माझ्याशेजारी टेकली.

"त्या मालकाला लई बेस बोललास बघ त्या दिवशी."

मी चमकून तिच्याकडं वळलो.

"गुडघं गेल्यात माझं. कान शाबूत हायेत." मग म्हणाली, "पर घर माझ्यासाठी घेत हुतास न्हवं? मला इचारायचं तरी."

तुम्ही विचारता, पुण्यात घर झालं का. झालं. मालकांवरचा माझा राग अजून तसाच आहे आणि तो मी सोडणारही नाही. पण त्याची शिक्षा भोगली ती भलत्याच माणसानं. हल्ली काही ठरवायचं असलं की मी आधी आईजवळ जाऊन बसतो. ती बहुतेक वेळा म्हणते, तुला कळतं ते कर. मग मी हमखास चुकतो. पण आता ती चूक माझी एकट्याची नसते, घराची असते.