गाडीतला रियाज

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक माणूस रोज संध्याकाळी बंद गाडीत बसून ओरडायचा. काचा वर असल्यामुळे बाहेर काहीच ऐकू यायचं नाही. दिसायचं ते फक्त वासलेलं तोंड आणि गळ्याच्या ताठरलेल्या शिरा. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी घाबरून काचेवर टकटक केली होती.

"काही नाही हो काकू, रियाज करतोय," काच खाली करत तो म्हणाला. "घरी केला तर शेजारी बेल वाजवतात."

हा तिसऱ्या मजल्यावरचा समीर. हेवी मेटल गाणारा. वीस वर्षांत त्याचे चार बँड झाले. एकाचा ड्रमर कॅनडाला गेला, एकाच्या गिटारवाल्याने लग्नानंतर गिटार माळ्यावर टाकली, उरलेले दोन भांडणात मोडले. चारही बँडचे काळे टी-शर्ट मात्र त्याच्या गॅलरीत अजून आळीपाळीने वाळत असतात.

ते संगीत मला कधी कळलं नाही. पण ऐकणारं कुणी नसताना गळा तयार ठेवणं मला कळत होतं. शाळेतून निवृत्त झाल्यावर कित्येक दिवस मीही भाजी निवडता निवडता आठवी 'ब'ची हजेरी घेत असे.

गेल्या महिन्यात समीरच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. आता गाणं कायमचं बंद, असं त्याची आई जिन्यात म्हणाली.

काल संध्याकाळी तो पुन्हा गाडीत बसलेला दिसला. तेच वासलेलं तोंड, त्याच ताठरलेल्या शिरा. नेहमीप्रमाणेच काही ऐकू येत नव्हतं. जवळून जाताना पाहिलं, तर चारही काचा खाली होत्या.