पहिल्या घावाचा मान

आमच्या दाजींना तोडायला आवडायचं, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढचं ऐकून लोक त्यांना नुसता कंजूस समजतील. दाजी म्हणजे माझ्या ताईचा नवरा. जुन्या इमारती पाडणं हा आमचा धंदा. ज्या गल्लीत यंत्र शिरत नाही, तिथे आमची टोळी घण घेऊन शिरते. दाजींनी घण उचलला की बाकीचे आपोआप मागे सरकायचे. भिंत दोन-तीन घावांत बसली नाही तर दाजी तिला आईबापावरून शिव्या घालायचे. भिंतीला!

एकदा भंगारवाल्याने काटा मारला. दाजींनी त्याला त्याच काट्यावर आडवा केला, नाक फोडलं आणि वर म्हणाले, "आता कर वजन, रक्त धरून." सगळ्यांनी मिळून ओढलं तेव्हा कुठे बाजूला झाले.

हा सगळा जोर एकाच गोष्टीसाठी होता. पंचेचाळिसावं लागलं की घण खाली ठेवायचा, तो कायमचा. त्यालाही कारण होतं. त्यांचे वडील याच धंद्यातले. म्हातारपणी हात थरथरत असताना भिंतीवर चढले आणि भिंतीसकट खाली आले. विटा उपसून त्यांना दाजींनीच बाहेर काढलं. तोंडाचा नुसता चेंदामेंदा झाला होता, चपलेवरून ओळखलं. त्या दिवशी दाजींनी ठरवलं, आपण असं मरायचं नाही. खुर्चीत बसून मरायचं.

खुर्ची तर त्यांनी आणूनही ठेवली होती. आमच्या टोळीत एक रीत आहे. इमारतीवर पहिला घाव ज्याचा, त्याने त्यातली एक वस्तू आधी उचलायची, मग बाकीच्यांची वाटणी. घाव दाजींचाच असायचा. ते तांब्याच्या तारा उचलायचे, पितळी नळ उचलायचे, सगळं विकून बँकेत टाकायचे. एकदाच काय ती एक आरामखुर्ची घरी आणली. प्लास्टिकमध्ये गुंडाळून खोलीच्या मधोमध ठेवली, आणि आम्ही सगळे तिच्याभोवती जमिनीवर बसायचो. मी एकदा नुसती पाठ टेकली तर दाजींनी मानगूट धरून उठवलं.

"वेळ आली की बसू," ते म्हणायचे.

"दाजी, दात कोरून पोट भरत नाही," मी म्हणायचो.

"गप रे. दातसुद्धा शिल्लक राहतील माझे."

आणि ताई? ताई पाणी वाहायची. घर स्वतःचं होतं, दोन खोल्यांचं, पण नळ गल्लीच्या तोंडाशी. लग्न झाल्यापासून दोन्ही हातांत बादल्या, रोज. अंघोळ म्हणजे मोरीत उकिडवं बसून दोन तांबे अंगावर. कुठे फिरायला जाणं नाही, कुणाला जेवायला बोलावणं नाही. उन्हाळ्यातही पंखा बंद. ताई चिडली की म्हणायची, "अहो, खुर्चीत बसायला माणूस तर उरला पाहिजे!" दाजी हसायचे. अजून दोनच वर्षं राहिली होती ना.

तेव्हा आम्ही एक तीन मजली घर पाडायला घेतलं होतं. ताई डबा घेऊन आली आणि सहज वर चढली. वरच्या न्हाणीघरात टब होता. बिडाचा, आतून पांढराशुभ्र, माणूस पाय पसरून झोपेल एवढा. ताईने त्याच्या कडेवरून हात फिरवला. मग चपला काढल्या आणि त्या कोरड्या टबात जाऊन बसली. माझी ताई, जिने बारशापासून आजवर कुणाकडे काही मागितलं नाही, ती म्हणाली, "अहो, पहिला घाव तुमचा आहे ना? मला हा पाहिजे."

"ठेवणार कुठे? पाणी कोण आणणार?"

"मीच आणते ना इतकी वर्षं! एकदा त्यात पडून तरी बघते."

"दोन वर्षांनी घेऊ. नवा घेऊ."

"मला आत्ता पाहिजे."

टोळी बघत होती. कुणीतरी फिसकन हसलं आणि दाजींच्या डोक्यात तिडीक गेली. त्यांनी ताईला दंडाला धरून बाहेर ओढलं आणि घण उचलला. अख्खा टब खाली न्यायला चार माणसं लागतात, तुकडे झाले की भंगारात तोच भाव, हे त्यांचं गणित. पहिल्या घावाला पांढरे टवके उडाले. दुसऱ्याला टब टाहो फोडल्यासारखा वाजला आणि मधोमध तडकला. एक टवका ताईच्या गालाला लागला. तिने रक्त पुसलंही नाही. दाजी हाणतच राहिले, तुकड्यांचे तुकडे होईपर्यंत. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण मी मध्ये पडलो नाही. घण चालू असताना मध्ये पडायचं नाही, हे मला दाजींनीच शिकवलेलं.

ताई जिना उतरली. जाताना माझा घण घेऊन गेली.

मी दाजींना म्हटलं, "दाजी, घरी चला. आत्ता चला." आम्ही पोचलो तेव्हा खुर्चीवरचं प्लास्टिक फाडून झालं होतं, आणि ताईने घण डोक्यावर उचलला होता. गालावरचं रक्त वाळलेलं.

"खाली ठेव!" दाजी ओरडले.

"इतकी वर्षं मी जमिनीवर बसले हिच्यासाठी!" ताई किंचाळली, आणि घण सुटला.

आता बघा, आयुष्यभर हाच धंदा केलेला माणूस. सुटलेला घण ब्रह्मदेवालाही थांबवता येत नाही, हे ज्याने दहाजणांना शिकवलं, त्याने धावत जाऊन खुर्चीच्या हातावर स्वतःचा उजवा हात ठेवला. ती वाचावी म्हणून. खुर्ची मोडल्याचा आणि हाड मोडल्याचा आवाज एकच आला. दाजी ओरडले नाहीत. चिंध्या झालेल्या पंजाकडे बघत राहिले. ओरडली ती ताई.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं तेव्हा दाजी म्हणाले, "कामावर भिंत पडली."

"खोटं," ताई म्हणाली. "मी मारलं."

"तिचं ऐकू नका. तिला धंद्यातलं काय कळतं?"

दोन बोटं आणि अर्धा अंगठा कापावा लागला. उरलेल्या दोन बोटांनी आणि अंगठ्याच्या थोटकाने घण काय, चमचाही धरता येईना. बँकेतलं बरंच दवाखान्यात गेलं, थोडं उरलं. मोडकी खुर्ची मी दोरीने बांधून दिली. दाजी तिच्यावर बसून भिंतीकडे बघायचे. मला म्हणाले, "घे, सुटलं काम. दोन वर्षं आधीच." आणि असे हसले की मला रडू आलं.

ताई त्यांना भरवायची, मोरीत बसवून अंघोळ घालायची. पाणी तीच आणायची. दोघं एकमेकांशी बोलत नव्हते.

मग एक दिवस मी नव्या कामावर निघालो होतो, तर दाजींनी दारात अडवलं. "पहिला घाव तू घे. टब असला तर आण. अख्खा आण, फोडलास तर याद राख."

त्या घरात नव्हता. पुढच्या घरात होता. आम्ही चौघांनी मरमर करून आणला, तर मोरीत शिरेना. मधली भिंत आड येत होती. मी घण सरसावला.

"थांब," दाजी म्हणाले. त्यांनी डाव्या हाताने माझ्याकडून घण ओढून घेतला आणि फरपटत ताईसमोर नेला. "पहिला घाव तिचा."

ताईने घणाकडे बघितलं, त्यांच्या हाताकडे बघितलं. मला वाटलं, टाकून देईल. तिने उचलला आणि भिंतीवर असा हाणला की विटा पलीकडे मोरीत जाऊन पडल्या. मग थांबेचना. एकेका घावाला एकेक शिवी. माझ्या ताईला एवढ्या शिव्या येतात हे मला माहीत नव्हतं. बादल्यांना, नळाला, खुर्चीला, बँकेला, दाजींना, शेवटी स्वतःला. दाजी उभे राहून ऐकत होते. एकदाही मागे सरकले नाहीत.

भिंत संपली. आम्ही टब आत सरकवला. ताई केसांत चुना, अंगभर धूळ, तशीच आत जाऊन पाय पसरून आडवी झाली आणि डोळे मिटले.

"अहो," ती म्हणाली. कितीतरी दिवसांनी पहिल्यांदा. "पाणी आणा."

मी बादलीला हात घातला तर दाजींनी मला ढकलून दिलं. डाव्या हातात बादली घेऊन गल्लीच्या तोंडाशी गेले. परत येईस्तोवर निम्मी सांडली होती. उरलेली टबात ओतली आणि पुन्हा निघाले.