चूक वॉशरची नव्हती

आमच्या काकाचं ठरत आलेलं पहिलं लग्न घराच्या दारामुळे मोडलं, असं आमच्याकडे सगळे मानतात. दाराने आजवर ते नाकारलेलं नाही. मीही गप्प राहिले, कारण त्यातलं मला दारापेक्षा जास्त माहीत होतं.

एकोणीसशे पन्नासनंतरची गोष्ट. पिंपरीला नुकत्याच कंपन्या निघत होत्या. दादा, म्हणजे माझे वडील, तिथे फिटर म्हणून लागले आणि त्यांनी धाकट्या भावाला, म्हणजे काकाला, हेल्पर म्हणून चिकटवला. आम्ही चिंचवड गावठाणात राहायचो. घरात इंग्रजी येणारी एकटी मीच. (आठवीत होते आणि इंग्रजी सुरू होऊन आठ महिने झाले होते, तेव्हा 'येणारी' हा शब्द जरा सैल धरावा.) मला शिकवायची भारी हौस. धाकटी भावंडं, बबन आणि शकू, ही माझी शाळा. आणि फळा म्हणजे घराचं दोन फळ्यांचं दार.

इंग्रजी वाक्याचे दोन भाग असतात हे शाळेत कळलं, त्याच संध्याकाळी मी दार आतून खडूने भरून टाकलं. वीत-वीत अंतरावर एकेक ओळ. डाव्या फळीवर कर्ते, म्हणजे ज्यांच्याविषयी बोलायचं ते: माझे वडील, आमची म्हैस, माझा काका, चोर, माझी आई. उजव्या फळीवर विधेयं, म्हणजे त्यांच्याविषयी जे सांगायचं ते: कारखान्यात जातात, पेंड खाते, वैशाखात लग्न करणार, तुरुंगातून पळाला, छान भाकरी करते. हे सगळं अर्थात इंग्रजीत. दार उघडं असलं की वाक्यं अर्धी, लावलं की पुरी. दार लागलं रे लागलं की बबन-शकूने ओळीवर बोट ठेवून वाक्य ओरडायचं आणि लगेच त्याचा मराठी अर्थ ओरडायचा, असा माझा नियम. त्या दिवसांत आमच्याकडे दार लावायला सगळेच बिचकायचे.

काका तळेगावला इंग्रजीच्या एका मास्तरांची मुलगी बघून आला होता. आल्यापासून सारखा भांग पाडत होता. आता मास्तर आमचं घर बघायला येणार होते. त्यांनी मान डोलावली की बार उडणार.

"दार पुसून घेऊ का?" आईने विचारलं.

"पुसतीस कशाला? विंग्रजी हाय," दादा म्हणाले. "मास्तरास्नी दिसू दे, घरात विद्या हाय."

"मंग सुमे, पुसट झालंय ते नीट गिरव," आई मला म्हणाली.

दादांना वेगळीच काळजी. उजवी फळी उंबऱ्याला घासायची, आणि फिटरच्या घरचं दार कुरकुरतं हे त्यांना सहन होईना. मास्तर यायच्या सकाळी त्यांनी फळी उचलली, तिचा खुंट फिरतो त्या खालच्या खोबणीत एक लोखंडी वॉशर टाकला आणि फळी परत बसवली. "आता बगा. करंगळीनं लागंल."

मास्तर आले. काळा कोट, काळी टोपी. गप्प बसले तरी शुद्ध वाटायचे. काकाला बजावलेलं होतं: मान खाली, विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. पोहे झाले. मास्तर म्हणाले, "घर नीटनेटकं आहे." तिथेच थांबलं असतं तर! पण दादांच्या अंगातला फिटर उठला.

"मास्तर, एक गंमत दावतो," म्हणाले आणि करंगळीने दार लावलं.

दाराचा आवाज आला नाही. आला तो बबन-शकूचा. आधी इंग्रजी, मागून मराठी:

"आपले दादा पेंड खात्यात!"

"आपली म्हस वैशाखात लगीन करनार!"

"आपला काका तुरुंगातनं पळाला!"

"चोर छान भाकरी करतो!"

(वाक्यात काय आहे याच्याशी त्या दोघांना देणंघेणं नव्हतं. ओरडण्याशी होतं.) आईच्या वाट्याला काहीच उरलं नव्हतं. तिच्या ओळीपुढे कोरी फळी होती आणि ती स्वतः हातात चहाचा कप घेऊन तशीच कोरी उभी होती.

मास्तरांनी चष्मा पुसला, दार स्वतः वाचलं, मग काकाकडे पाहिलं. काका, सांगितल्याप्रमाणे, मान खाली घालून गप्प. कुठल्याही कोर्टाने शिक्षा वाढवून दिली असती.

"पोरांचा खेळ हाय त्यो, मास्तर," दादा म्हणाले.

"मुलं उदाहरणं घरातलीच घेतात. वर्गातला अनुभव आहे माझा."

"आवो, म्हस लगीन करनार म्हनूनबी लिवलंय. त्येबी खरं धरायचं का?"

"म्हशीचं तुम्ही बघा," मास्तर टोपी घालत म्हणाले. "माझी मुलगी मी म्हशीला देत नाही."

चहा न घेता ते स्टेशनाकडे गेले. काकाने पुढे तीन दिवस भांग पाडला नाही.

दादांनी उंबऱ्याशी बसून निकाल दिला, "वॉशर जाड पडला. फळी वर गेली, वळी सरकल्या. चूक माजी." घराने तो मान्य केला. पुढे कुणाच्या लग्नात दादा फार बोलू लागले की आई हळूच "वॉशर" म्हणायची, आणि ते गप्प व्हायचे. जन्मभर.

आता खरं सांगते. फळी वर गेली ती नखभर. ओळींना धक्काही लागला नव्हता. दादा अंघोळीला गेले तेव्हा मी उजवी फळी ओल्या फडक्याने पुसली, पहिलं विधेय गाळलं आणि बाकीची एकेक ओळ वर लिहून काढली. वळणदार अक्षरात. कारण एवढंच, की काका कामावर जाताना मला सायकलच्या दांडीवर बसवून शाळेत सोडायचा, आणि लग्न झालं की सायकलवर काकी बसणार, असं शकू कुठूनसं ऐकून आली होती. एका दांडीसाठी मी सख्ख्या काकाला तुरुंगातून पळवला. पुढच्या सोमवारी त्याने मला नेहमीसारखं बसवलं आणि शाळा येईपर्यंत एक शब्द बोलला नाही. ती दांडी मला अजून टोचते.

दोन वर्षांनी चाकणची काकी आली. सायकलवर बसलीच.

दादा गेल्यानंतरच्या दिवाळीत मी काका-काकीपुढे सगळं सांगून टाकलं. काका सुपारी कातरत होता. म्हणाला, "दादाला ठावं व्हतं."

"काय?"

"आगं, फिटर व्हता त्यो. दोन सुताच्या, पाव इंची वॉशरनं फळी वीतभर वर जाती व्हय? त्याच दिशी मला म्हनला, पोरीला इचारू नगंस, लई भ्यालीया."

मी पदर डोळ्यांपाशी नेतेय तोच काकी पुढे सरकली.

"म्हंजी मला ह्या घरात तू आनलंस?"

"तसं म्हटलं तर... हो."

"बरं केलंस सांगितलंस," काकी म्हणाली. "इतकी वर्सं मी उगाच त्या मध्यस्थाला शिव्या देत व्हते."

तेव्हापासून काकाचं काही चुकलं की काकी दुसऱ्या कुणाकडे बघत नाही, सरळ माझ्याकडे बघते. आणि मी, जुन्या सवयीने, दाराकडे.