मंडळाचा माणूस

चांगुणाला घर असं नव्हतंच, होती ती गाडी. नवरा सहादेव पलटणीत ड्रायव्हर होता. तिथून सुटून आल्यावर नगरच्या लिलावात त्यानं लष्कराची एक जुनी, रंग उडालेली गाडी घेतली, मागं फळ्यांची खोली उभी केली आणि जत्रेजत्रेत तंबू ठोकून सिनेमा दाखवायचा धंदा धरला. खोलीत एका बाजूला सिनेमाचं मशीन आणि रिळांचे डबे, दुसऱ्या बाजूला चांगुणाची चूल आणि परात, मधे दोघांना अंग टाकण्यापुरती जागा. बायका विचारायच्या, "अशी कशी ऱ्हाती गं चाकावर?" चांगुणा म्हणायची, "लई बरं हाय. शेजारीन वंगाळ निघाली तर गावच बदलायचं."

सहादेव निर्व्यसनी माणूस. हात कधी उचलला नाही, आवाजही फारसा चढवला नाही. त्याची एकच खोड, कुणी शब्द दिला की त्याला तो खराच वाटायचा. पलटणीतला बर्फाचा किस्सा तर चांगुणाला पाठ झाला होता. डोंगरात याची गाडी रुतली, वायरलेसवर निरोप गेला आणि उजाडायच्या आत मागून गाडी आली. साखळी लावून ओढलं, वर चहा पाजला. "निरोप गेला की मानूस येतो," सहादेव म्हणायचा. "यायलाच लागतो."

त्यामुळं नगरच्या काकासाहेबांनी मोटारमालक साहाय्य मंडळ काढलं तेव्हा सहादेव सगळ्यांच्या आधी सभासद झाला. काकासाहेबांचा पेट्रोलपंप होता, पांढरी टोपी होती आणि बोलणं लोण्यासारखं. जिल्ह्यात कुठंही गाडी अडू द्या, कुणाबरोबर नुसता निरोप पाठवा, दिवस मावळायच्या आत मंडळाचा माणूस हजर, असं त्यांनी भरसभेत सांगितलं. सभासदाला पितळी बिल्ला मिळायचा. सहादेवानं तो गाडीच्या नाकावर ठोकला. चांगुणा भांडी घासताना उरलेली चिंच तो मागून घ्यायचा आणि बिल्ला लखलखीत करायचा.

"बिल्ला ग्वाड हाय," चांगुणा एकदा म्हणाली, "पन त्यो मंडळाचा मानूस कुनी बघितलाय का?"

"गाडी बंद पडल्याबिगर कसा दिसंल?"

तो नुसता सभासद होऊन थांबला नाही. जत्रेत भेटेल त्या गाडीवाल्याला मंडळाचं महत्त्व सांगायचा. बांगड्यांच्या जीपवाल्याला त्यानं सभासद केलं, खेळण्यांच्या टेम्पोवाल्याला केलं. पाळणेवाले गनीभाई, आकाशपाळणा ट्रकमध्ये घालून गावोगाव फिरणारे, त्याचे जुने सोबती. त्यांनाही त्यानं सोडलं नाही. गनीभाई म्हणाले, "सहादेवभाऊ, रस्त्यावर एक अल्ला आणि दुसरा आपला दोर. तिसरा कोन येतो?" पण मित्राचं मन राखायचं म्हणून त्यांनीही वर्गणी भरली.

दुष्काळाचं साल होतं. विहिरी कोरड्या, गुरं छावणीत, माणसं खडी फोडायला रस्त्यावर. तरी मढीची जत्रा भरणार होती. कानिफनाथाच्या पायाशी माणूस दुष्काळातही येतो, आणि तेवढ्या जत्रेवर आपलं साल निघेल असा सहादेवाचा हिशेब होता. नगर सोडलं, आणि करंजी घाटाच्या उतारावर खाडकन आवाज होऊन गाडीचा मागचा एक्सल तुटला. सहादेवानं कशीबशी गाडी कडेला घातली. चांगुणानं उडी टाकून चाकांना दगड लावले.

सहादेव मुळीच घाबरला नाही. नगरकडं निघालेली एस.टी. त्यानं हात करून थांबवली आणि कंडक्टरकडं मंडळासाठी निरोप दिला. मग धोतराचा सोगा सावरून दगडावर बसला, पाहुण्याची वाट बघावी तसा.

दिवस मावळला. कुणी आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच गनीभाईंचा ट्रक आला. गाडी बघून त्यांनी ट्रक थांबवला आणि दोर घेऊनच खाली उतरले. "चला, हळूहळू तिसगावपत्तर ओढतो. तिथं मिस्त्री हाय."

"नको गनीभाई. तुमचा ट्रक आधीच भरलेला, त्यात उतार. निरोप गेलाय, मंडळाचा मानूस निघाला असंल. त्यो येऊन बघंल तर गाडी जाग्यावर न्हाई, मग?"

"मग काय? परत जाईल!"

"आपन सभासद हाय. असं बरं दिसत न्हाई."

गनीभाईंनी चांगुणाकडं बघितलं. चांगुणाच्या मनात होतं, म्हणावं लावा दोर, यांचं ऐकू नका. पण चारचौघांत नवऱ्याचा शब्द कसा मोडायचा, म्हणून ती खाली बघत राहिली. गनीभाईंनी पाण्याचा एक डबा उतरवून दिला आणि ते पुढं गेले.

त्या दिवशीही कुणी आलं नाही. घाटाच्या अंगाला दुष्काळी काम चालू होतं, तिथल्या बायका पाणी प्यायच्या सुट्टीत गाडीपाशी यायच्या. रंगुबाई म्हणून त्यांच्यातली एक उंच, हाडापेराची बाई होती. तिनं कामावर खायला मिळालेल्या सुकडीच्या गोड पिठातलं मूठभर चांगुणाच्या ओंजळीत घातलं. "कुनाची वाट बघताय?" तिनं विचारलं. चांगुणानं सांगितलं. रंगुबाई हसली नाही. "आमी बी हजेरीच्या सायबाची अशीच वाट बघतो," एवढंच म्हणाली.

तिसऱ्या दिवशी मात्र चांगुणा उठली. "मी जाती तिसगावला. तितल्या ग्यारेजावर मंडळाची पाटी हाय म्हनता ना? त्यालाच घिऊन येती." सहादेव म्हणाला, "जा. तंवर मी चाक खोलून ठिवतो, त्येंचं काम हलकं हुईल."

करंजीपर्यंत ती उन्हातून चालत गेली, तिथून एस.टी.नं तिसगाव. मच्छिंद्र मिस्त्रीच्या गॅरेजवर पाटी होती खरी. मोठी, निळी, बिल्ल्यावरचंच चित्र काढलेली. मिस्त्री एका इंजिनात डोकं घालून बसला होता. तिचं बोलणं त्यानं पुरतं ऐकून घेतलं आणि हात पुसत बाहेर आला.

"आक्का, ही पाटी त्येंनी आनून ठोकली, गेल्या वर्साला. फोटू काढला आन् गेले. त्यावर मला ना निरोप, ना मानूस. सावली पडती म्हनून मी ऱ्हाऊ दिली."

चांगुणा पाटीच्या सावलीतच उभी होती. तिथून दोन पावलं मागं सरून उन्हात उभी राहिली.

"तुमचा मालक एकलाच हाय का तितं?" मिस्त्रीनं विचारलं. "मग चला, मीच येतो. मंडळाच्या नावानं न्हाई हां. आपला येतो." त्यानं पिशवीत हत्यारं भरली.

ती दोघं घाटात पोचली तेव्हा गाडीभोवती लोक होते. उतारावर दगड रचून सहादेवानं जॅक लावला होता, चाक खोललं होतं, आणि जॅक सरकला. गाडी त्याच्या उजव्या पायावर बसली. किंकाळी ऐकून खडीवरच्या बायका धावल्या. रंगुबाईनं पहार घातली, बाकीच्यांनी खांदे लावले आणि बायकांनीच ती गाडी उचलून धरली. चांगुणा आली तेव्हा सहादेव रस्त्याच्या कडेला पडला होता, रंगुबाईच्या लुगड्याच्या फाडलेल्या पदरानं पाय बांधलेला. रेशनच्या लाल मिलो ज्वारीची पोती घेऊन आलेल्या एका ट्रकवाल्यानं निम्मी पोती खाली टाकली, सहादेवाला वर घेतलं आणि ट्रक नगरकडं वळवला.

पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

शुद्धीवर आल्यावर सहादेवानं पहिल्यांदा विचारलं, "मंडळाचं कोन आलं हुतं का?"

गनीभाई जत्रेतून रेवड्यांचा पुडा घेऊन दवाखान्यात आले. बाहेरच्या पायरीवर बसून रडले. "मी दोर लावायलाच पायजे हुता, वहिनी. त्यानं शिव्या दिल्या असत्या तरी." गाडी त्यांनी ओढून तिसगावला नेली होती, पण मधल्या काळात तंबूचं कापड आणि रिळं कुणीतरी लांबवली होती. मशीनची काच फुटलेली. पितळी बिल्लाही उचकटून नेला होता.

मग चांगुणा काकासाहेबांकडं गेली. त्यांनी तिला बसायला खुर्ची दिली, चहा दिला. सगळं ऐकून हळहळले. निरोप आला होता का, या प्रश्नावर म्हणाले, "आला असेल. रोज इतके निरोप येतात. पण बाई, मुळात तुमची ती गाडी आमच्या नियमात बसत नाही."

"म्हंजी?"

"तुम्ही तिच्यात राहता. स्वयंपाक करता, झोपता. ते घर झालं. आमचं मंडळ मोटारींसाठी आहे. घर बंद पडलं तर आम्ही काय करणार?"

"मग घराची वर्गनी का घेतली?"

काकासाहेब रागावले नाहीत. समजावल्यासारखं म्हणाले, "आम्ही मागेल त्याला बिल्ला देतो. रस्त्यात माणसाला धीर वाटतो त्यानं."

चांगुणानं चहा तसाच ठेवला. "त्या धीरापायीच त्येंनी दोर लावू दिला न्हाई," ती म्हणाली आणि बाहेर आली. काकासाहेबांना ते कळलं की नाही, कोण जाणे. तिनं मागं वळून बघितलं नाही.

गाडी भंगारवाल्यानं नेली. फळ्यांची खोली तेवढी मिस्त्रीनं करंजीला आणून टाकली. तिच्यावर पत्रा घालून दोघं राहू लागली. चांगुणा रंगुबाईच्या टोळीत खडी फोडायला जाऊ लागली. सहादेव दारात कुबडी घेऊन बसायचा, घाटातून उतरणाऱ्या गाड्यांचा आवाज ऐकत. बोलणं फार कमी झालं होतं.

एकदा ती जेवायला वाढत असताना गनीभाईंचा विषय निघाला. चांगुणा म्हणाली, "मंडळानं लई वंगाळ केलं आपलं."

"मंडळाचं काय," सहादेव म्हणाला. "कंडक्टरनं निरोप नीट दिला नसंल. त्येंना कळलं असतं तर आले असते." थोडं थांबून त्यानं भाकरी मोडली. "खरं सांगू? तू तवा तिसगावला गेली नसतीस, तर जॅक धरायला कुनीतरी असतं."

चांगुणाच्या हातातली पळी तिथंच थांबली. उन्हातली ती वाट, पाटीखालची सावली, रस्त्यावर आडवा पडलेला तो, सगळं एकदम तिच्या डोळ्यांपुढं आलं. ओठावर आलेलं तिनं गिळलं. मंडळ खरं, चूक दुसऱ्या कुणाची, त्याच्याकडं बोलून दाखवायला आता एवढंच उरलं होतं, आणि ऐकून घ्यायला तिच्याशिवाय कुणी नव्हतं.

तिनं कालवण वाढलं. मग हातोडी घेतली, डोक्यावर पदर ओढला आणि कामावर गेली. रंगुबाईनं दोनदा हाक मारली, तेव्हा तिनं नुसती मान हलवली आणि पुढचा दगड ओढून घेतला.